प्रोटोकोलातला नकार

चारुलता सबनीसने आयुष्यात हजारो वेळा ‘नाही’ म्हटलं असेल, पण आपलं ‘नाही’ कुणी कागदावर उतरवून त्याखाली तारीख घालील असं तिला कधी वाटलं नव्हतं. ते घडलं २००६ च्या ऑगस्टमध्ये, हाइलब्रॉनमधल्या एका कान्झ्लायच्या, म्हणजे वकिलांच्या कार्यालयाच्या, बैठकीच्या खोलीत. आणि ते घडवून आणलं तिच्याखेरीज त्या खोलीत असलेल्या एकमेव मराठी माणसाने. जर्मन माणसाला ते सुचलंही नसतं.

चारुलता पेटंटची वकील. मूळची इंजिनिअर. पंपांतल्या झडपांवर कार्ल्सरूहला डॉक्टरेट केली, मग कायद्याच्या परीक्षा दिल्या आणि दोन वर्षांपूर्वी ह्या कान्झ्लायमध्ये लागली. नवरा शिरीष नेकारसुल्मच्या कार कारखान्यात होता, म्हणून घर तिथेच.

डॉ. यशवंत आगटे ह्याच कान्झ्लायमध्ये भागीदार. साठीचे, १९७१ साली जर्मनीत आलेले. चारुलता त्यांना घरी काका म्हणायची आणि ऑफिसात हेर डॉक्टर. ही दोन्ही संबोधनं त्यांनी मोठ्या सोयीने वापरली. काम गळ्यात घालायचं असलं की ते काका होत आणि श्रेय घ्यायची वेळ आली की हेर डॉक्टर. चारुलताला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं, तरी ती काका म्हणत राहिली, कारण दुसरं काय म्हणायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

फेडरल पेटंट कोर्टापुढे अपिलं चालवणाऱ्या वकिलांचं त्या भागात एक मंडळ होतं. दर ऑक्टोबरात त्याचं एक दिवसाचं संमेलन भरे. सकाळी वार्षिक सभा, मग व्याख्यानं, आणि दुपारी दोनला सराव-सुनावणी. ही सुनावणी म्हणजे सगळ्या दिवसाचा कळस. खटला लुटुपुटीचा, पण समोर बसायला म्युनिकच्या कोर्टातले खरे न्यायाधीश येत आणि दोन वकील त्यांच्यापुढे उभे राहून भांडत. सदस्यांच्या बायकांसाठी बसची सहल असे. मंडळात एव्हाना पाच बायका स्वतः वकील होत्या, तरी कार्यक्रमपत्रिकेत ‘महिलांसाठी कार्यक्रम’ असंच छापलं जाई आणि त्यात कुणाला काही खटकत नसे.

मंडळाचे अध्यक्ष हेर फोगलर, आणि तेच चारुलताच्या कान्झ्लायचे प्रमुख. उंच, कोरडा माणूस. त्यांनी तिला उन्हाळ्यात बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, “जानेवारीत पंपाचं अपील म्युनिकला आहे. फाइल तुमची आहे, मला माहीत आहे. पण पहिल्यांदा उभं राहणाऱ्या माणसाला मी अशिलाच्या जिवावर उभं करत नाही. ऑक्टोबरात सराव-सुनावणीत आमच्या बाजूने जो उभा राहील, तोच जानेवारीत जाईल.”

पंपाचं अपील म्हणजे चारुलताची दोन वर्षं. एका लहान कारखान्याची नवी झडप पेटंट ऑफिसने नाकारली होती, आणि ऑफिसचं कुठे चुकलं ते चारुलताने एकटीने शोधून काढलं होतं. ते अपील दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं ही कल्पनाही तिला सहन होत नव्हती.

ऑगस्टच्या बैठकीत चारुलताखेरीज कार्यक्रम-समितीचे अकरा जण टेबलाभोवती बसले होते. सराव-सुनावणीचा विषय निघाला तेव्हा यशवंतकाकांनी चष्मा काढला, चारुलताकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायाळू जर्मनमध्ये म्हणाले, “फ्राऊ सबनीस, तुम्ही उभ्या राहाल का?”

चारुलता उन्हाळाभर ह्याच प्रश्नाची वाट बघत होती. आणि तोंडातून काय आलं? “नाही, नाही, हेर डॉक्टर. तुम्ही असताना मी कुठे.”

ती चाळीसगावच्या सबनीसांच्या घरातली सून आणि साताऱ्याच्या मास्तरांची मुलगी. वडीलधाऱ्या माणसाने मानाची जागा पुढे केली की पहिल्यांदा नको म्हणायचं, मग त्याने ‘अगं कर की’ म्हणायचं, मग पुन्हा जरा मागे सरायचं, आणि मग पदर सावरून बसायचं. हे ती विचार करून बोलली नाही. शिंक आल्यासारखं ते आलं. ती काकांच्या ‘अगं’ची वाट बघत थांबली.

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि चिटणिसाला म्हणाले, “आल्झो, म्हणजे फ्राऊ सबनीस नकार देत आहेत. लिहून घ्या. मग मीच उभा राहतो.”

चिटणिसाने प्रोटोकोलात, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात, लिहून घेतलं आणि समिती जेवणाच्या विषयाकडे वळली.

सप्टेंबरात कार्यक्रमपत्रिका छापून आली. सराव-सुनावणी, अपीलकर्त्याच्या बाजूने: डॉ. यशवंत आगटे. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: स्वागत व नावांच्या पट्ट्या, चारुलता सबनीस. तोवर तिला भाबडी आशा होती की काका मधे कधीतरी विषय काढतील. ती पत्रिका घेऊन ती त्यांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

“काका, हे काय आहे?”

“कार्यक्रमपत्रिका. आली का छापून? कागद बरा वापरलाय यंदा.”

“मी एकदा नाही म्हणाले. तुम्ही समोर बसलेले, मी काय लगेच उडी मारून हो म्हणणार होते? तुम्हाला माहीत आहे हे कसं असतं ते.”

“मला काय माहीत आहे ते राहू दे. प्रोटोकोलमध्ये काय आहे ते बघ.”

“म्हणजे तुम्ही मुद्दाम केलंत.”

यशवंतकाकांनी पेनाचं टोपण लावलं. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते शांत होते. “चारुलता, मला उभं राहायला चौदा वर्षं लागली. चौदा वर्षं मी ह्या लोकांच्या फायली उचलल्या, सुनावणीत त्यांचे पाण्याचे ग्लास भरले. तू आलीस कधी, तर दोन हजार चारला. आणि लगेच तुला म्युनिक पाहिजे.”

“तुम्हाला जे भोगावं लागलं ते मीही भोगायचं, असंच ना?”

“गेनाऊ, अगदी तसंच,” काका म्हणाले. “आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. जाताना दार उघडं ठेव.”

तिने दार उघडं ठेवलं नाही. असं आपटलं की शेजारच्या खोलीतली सेक्रेटरी बाहेर डोकावली.

घरी शिरीषने सगळं ऐकून घेतलं आणि नवरे म्हणतात तेच म्हणाला. “टेक्निकली तू नाहीच म्हणालीस ना. सोड ना आता. पुढच्या वर्षी बघू. त्यांच्याशी वाकडं घेऊन त्या कान्झ्लायमध्ये तुला राहता येणारे का?”

“माझं वाकडं नाहीये, शिरीष. त्यांनी केसाने गळा कापलाय माझा. आणि तू टेक्निकली म्हणतोस.”

“मी तुझ्याच बाजूने बोलतोय.”

“मग गप्प बसून बोल,” असं म्हणून तिने मंडळाच्या नियमांची पुस्तिका काढली. ती जर्मनीत एक गोष्ट पक्की शिकली होती. इथे भांडायचं असलं तर आधी भांडणाचं कलम शोधावं लागतं. ते अकराव्या पानावर सापडलं. समितीचा प्रोटोकोल वार्षिक सभेत पहिल्या विषयात मंजूर होतो, ज्याला हरकत असेल त्याने ती आठवडाभर आधी लेखी द्यावी, सभेत उभं राहून मांडावी, निर्णय अध्यक्षांचा. तिने एका वाक्याची हरकत लिहिली आणि रजिस्टर पोस्टाने पाठवली, जरी फोगलरांची खोली तिच्या खोलीपासून वीस पावलांवर होती.

तिसऱ्या दिवशी अरुंधतीकाकूंचा फोन आला. यशवंतकाकांची बायको. शांत बाई, हाइलब्रॉनच्या वाचनालयात कित्येक वर्षं नोकरी केलेली, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

“चारुलता, ह्यांनी सांगितलं म्हणून फोन केला. तू कसलासा कागद दिलायस, तो मागे घ्यावास असं ह्यांचं म्हणणं आहे.”

“मी नाही घेणार, काकू.”

“बरं. तसं सांगते त्यांना,” काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. चारुलताला त्यांचाही राग आला. ह्या वयाला नवऱ्याच्या निरोपांची टपालपेटी होऊन राहायचं, ह्याला काय अर्थ आहे, असं ती स्वतःशी बडबडली.

संमेलन बाड विम्पफेनमधल्या एका हॉटेलात होतं. सकाळी साडेआठपासून चारुलता दारातल्या टेबलामागे बसून नव्वद वकिलांना त्यांच्या नावांच्या पट्ट्या देत होती. हरकतीची बातमी फुटली होती. कुणी पट्टी घेताना तिच्याकडे बघत नव्हतं, कुणी जरा जास्तच बघत होतं. एका म्हाताऱ्या वकिलाने, “तुमच्याकडे भारतात सभा अशाच सुरू होतात का?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कॉफीकडे गेला. यशवंतकाका आले, पट्टी कोटाला लावली आणि हसऱ्या चेहऱ्याने मराठीत म्हणाले, “अजून वेळ आहे. नाहीतर स्वतःचं हसं करून घेशील.” तिने पुढच्या माणसाची पट्टी उचलली.

दहाला सभा सुरू झाली. किल्ला बघायला जाणारी सहलीची बस अकराला निघणार होती, म्हणून पाहुण्या बायका मागच्या रांगेत पर्सा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अरुंधतीकाकू कडेला होत्या.

“विषय पहिला,” फोगलर म्हणाले. “ऑगस्टचा प्रोटोकोल. एक हरकत आली आहे. फ्राऊ सबनीस.”

चारुलता उभी राहिली. पहिलं वाक्य तिने घरी वीसदा म्हटलं होतं, आणि ते आलंच नाही. कुणीतरी घड्याळ बघितलं, तेही असं की तिला दिसावं. मग ती चिडली, आणि चिडल्यावर वाक्यं आली.

“मी नाही म्हणाले हे खरं आहे,” ती म्हणाली. “प्रोटोकोल म्हणतो, मी नकार दिला. ते खरं नाही. मी ज्या घरात वाढले तिथे वडील माणसाने मान पुढे केला की पहिल्यांदा नाही म्हणतात. तो नकार नसतो. तो नमस्कार असतो. वडील माणूस पुन्हा विचारतो. तिसऱ्यांदा विचारतो. मग आपण हो म्हणतो.”

हॉलमध्ये हशा पिकला. प्रेमळ हशा नव्हता तो. मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “मग आम्ही तुमच्या अशिलाचा दावाही तीनदा फेटाळायचा का?” लोकांनी टेबलांवर बोटांची पेरं वाजवली. हे लोक टाळ्या वाजवत नाहीत, टेबल ठोकतात, आणि नव्वद जणांनी ठोकलं की पायाखालची जमीन हादरते.

यशवंतकाका उठले. “सन्माननीय सहकाऱ्यांनो, कायद्याच्या पहिल्या वर्षात आपण शिकतो. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावरून लावायचा नसतो. ऐकणाऱ्याला काय कळलं त्यावरून लावायचा असतो. अकरा माणसांनी ‘नाही’ ऐकलं. अकरा माणसांना ‘नाही’ कळलं. फ्राऊ सबनीस हुशार आहेत. थोडा काळ जाऊ द्यावा लागेल, एवढंच.” पुन्हा टेबलं वाजली, आणि ह्या वेळी जास्त.

चारुलता बसली नाही. “हेर डॉक्टर बरोबर बोलतात,” ती म्हणाली. “ऐकणाऱ्याला काय कळलं हेच बघायचं. पण माझं उत्तर अकरा जणांना नव्हतं. प्रश्न एकाने विचारला, उत्तर त्या एकाला होतं. तुम्हा बाकीच्यांना ‘नाही’ कळलं, त्यात तुमची चूक नाही. पण ज्याला खरं माहीत आहे, त्याला शब्दामागे लपता येत नाही, हेही पहिल्याच वर्षात शिकवतात. म्हणून मला एवढंच विचारायचं आहे. त्यांना काय कळलं?”

वकील कसेही असोत, मुद्दा बरोबर बसला की त्यांना तो ऐकू येतो. फोगलरांनी मान वळवली. “हेर डॉक्टर आगटे? तुम्हाला काय कळलं?”

काका ताठ उभे होते. “मी ह्या देशात पस्तीस वर्षं राहतो. मी ‘नाही’ ऐकतो तेव्हा मला ‘नाही’ कळतं.”

टेबलं अशी वाजली की कॉफीचे कप खुळखुळले. संपलं होतं. चारुलताला ते कळलं. हा माणूस नव्वद लोकांसमोर खोटं बोलला होता आणि ते खोटं आहे हे त्या हॉलमध्ये फक्त तिला माहीत होतं.

तेवढ्यात मागची खुर्ची सरकली. अरुंधतीकाकू पर्स हातात धरून उभ्या होत्या.

“पाहुण्यांना बोलण्याचा अधिकार नाही, फ्राऊ आगटे,” फोगलर म्हणाले.

“मला माहीत आहे. मी सभेशी बोलत नाही, माझ्या नवऱ्याशी बोलते आहे.” आणि त्या जर्मनमध्येच म्हणाल्या, “यशवंत.”

लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी हे नाव चारचौघांत घेतलं नसावं; चारुलताने तरी ते कधी ऐकलं नव्हतं. मराठीत जन्मभर ‘अहो’ म्हणणारी ही बाई जर्मनमध्ये नवऱ्याला ‘डू’ म्हणत होती, सरळ अरेतुरे.

“यशवंत, काल संध्याकाळी मी तुला भात वाढत होते. तू दोनदा नको म्हणालास. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ताट पुढे केलंस. बत्तीस वर्षं मी तुला रोज तीनदा विचारते. आपल्या पहिल्या हिवाळ्यात मी एकदा दमले होते. एकदाच विचारलं आणि पातेलं उचललं. तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस.”

एवढं बोलून त्या खाली बसल्या.

कुणीही टेबल वाजवलं नाही. चिटणिसाचं पेन हवेतच राहिलं होतं.

“हे प्रोटोकोलमध्ये येणार नाही,” फोगलर चिटणिसाला म्हणाले. मग काकांकडे बघितलं. “हेर डॉक्टर आगटे, तुमच्या उत्तरात तुम्हाला काही बदल करायचा आहे?”

“नाही,” काका म्हणाले.

फोगलरांचा चेहरा होता तसाच कोरडा होता. “मी दुसऱ्यांदा विचारतो.”

“नाही.”

“मी तिसऱ्यांदा विचारतो.”

यशवंतकाकांनी बायकोकडे बघितलं नाही, चारुलताकडेही नाही. समोरच्या टेबलाकडे बघत, चिटणिसालाही पुढे वाकावं लागेल इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, “तिला उभं राहायचं होतं. ते मला कळलं होतं.”

“हे प्रोटोकोलमध्ये येईल,” फोगलर म्हणाले. “‘फ्राऊ सबनीस यांनी नकार दिला’ हे वाक्य काढा. त्या जागी लिहा, ‘फ्राऊ सबनीस यांना एकदा विचारण्यात आले.’ म्हणजे प्रश्न अजून शिल्लक आहे. फ्राऊ सबनीस, आज दोन वाजता आमच्या बाजूने उभ्या राहाल?”

चारुलताच्या ओठांवर सवयीने काहीतरी भलतंच आलं. ते तिने गिळलं. “या,” ती जर्मनमध्ये हो म्हणाली.

“विषय दुसरा,” फोगलर म्हणाले, आणि नव्वद माणसांनी कागद उलटले.

अकराला चहा-कॉफीची सुट्टी झाली. काका तिच्या शेजारून गेले, जरा थांबले. “घरातलं चव्हाट्यावर आणलंस. बत्तीस वर्षांचा संसार आहे माझा.”

“मी तुमच्या घरात पाऊल टाकलं नाही, काका. तुम्ही खोटं बोललात.”

“जानेवारीत पडशील तेव्हा बघू,” ते म्हणाले आणि गेले. ते तसं मनापासून इच्छितायत, हे तिला दिसलं. तिलाही त्यांची दया आली नाही.

ती धावत बाहेर गेली. सहलीची बस दारात उभी होती आणि अरुंधतीकाकू पायरीवर पाय ठेवत होत्या.

“काकू, जाऊ नका ना. दुपारी माझं ऐकायला थांबा.”

“नको.”

चारुलताने तोंड उघडलं, तसा काकूंनी हात वर केला. “पुन्हा विचारू नकोस. मला खरंच नको आहे. आज घरी गेल्यावर काय होणार आहे ते मला माहीत आहे, तोवर दोन-चार तास मला एकटीला किल्ला बघू दे.”

“तुम्ही माझ्यासाठी एवढं...”

“तुझ्यासाठी नाही गं.” काकूंचा आवाज प्रेमळ नव्हता. “मी सांगलीला कॉलेजात शिकवत होते. ती नोकरी सोडायला लावली, इकडे आणलं, तुला तो फोन करायला लावला. कुठल्याही वेळी विचारलं नाही. तिथे बसून सगळं ऐकत होते आणि मला तुझाच राग येत होता. तुला निदान एकदा तरी विचारलं त्यांनी.”

त्या वर चढल्या आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. बसचं दार बंद झालं. चारुलताला हात हलवावासा वाटला, पण काकू दुसरीकडे बघत होत्या. बस वळून रस्त्याला लागेपर्यंत ती तिथेच उभी राहिली आणि मग फाइल वाचायला आत गेली.